हात सैल सोड

माझ्या वडिलांनी आयुष्यभर परक्या बायकांचे हात हातात घेतले आणि फलटणमध्ये कुणी कधी त्यांच्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. कासाराला ती मुभा असते. नवी नवरी असो, डोहाळजेवणाची गर्भारशी असो की सत्तरीची आजी, दुकानाच्या पायरीवर बसून हात पुढे करायचा आणि अप्पांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन, अंगठ्याच्या मुळाशी दाबत दाबत, काचेची बांगडी वर सरकवायची. बाईनं हात आखडून धरला की बांगडी वाढायची. फुटली असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही.

म्हणून अप्पांनी एक युक्ती केली होती. बांगडी भरताना ते गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचे. माहेर कुठलं, विहिरीला पाणी आहे का, धाकट्या दिराचं जमलं का. बाई सांगायच्या नादाला लागली की हात आपोआप ढिला पडायचा. तरीही नाहीच पडला, तर म्हणायचे, "हात सैल सोड, बाय. बांगडी माझी आहे, तिची काळजी तुझ्यापेक्षा मला जास्त." मी त्यांची एकुलती एक लेक ऋजुता. त्या पायरीवर बसून मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की शाळेत कविता पाठ होण्याआधी मला ते पाठ झालं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं असा अप्पांनी हट्ट धरला. आता माहेरी म्हणजे कोण, तर एकटे अप्पाच. आई मी कॉलेजात असताना गेली. सासूबाईंनी मोठ्या मनानं नागपूरला बोलावलं होतं. माझ्या नवऱ्याचं, तन्मयचं म्हणणं होतं की पुण्यात आमच्या घराखालीच दवाखाना आहे, तिथंच राहावं. तो गोदामांतल्या यंत्रमानवांची वेळापत्रकं लावतो. कुठली वस्तू कुठे असावी याबद्दल त्याची मतं ठाम असतात, आणि त्या वेळी त्या वस्तूंत मीही होते. पण अप्पा फोनवर एवढंच म्हणाले की तुझ्या आईचं राहून गेलं ते तुझं करू दे, आणि मी बॅग भरली.

आईचं काय राहून गेलं, ते मला ठाऊक होतं. माझा जन्म ऐन लग्नसराईतला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि अप्पांनी आईला बाजेवरून लवकर उठवून गल्ल्यावर बसवलं होतं. पुढे आयुष्यभर तिची कंबर दुखली. ती कधी बोलली नाही, पण पावसाळी हवेत ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि अप्पा दुसरीकडे बघायचे.

त्याची भरपाई माझ्यावर झाली. सिझेरियन होऊन मी ठकीला घेऊन घरी आले (ठकी हे अप्पांनी पाळण्यातल्या नातीला दिलेलं तात्पुरतं नाव), तेव्हा माजघरात बाज टाकून तयार होती. खाली शेगडी, बाजूला ओव्याची पुडी, कानाला बांधायला फडकं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची पेज, सगळं त्यांनी शेजारणींना विचारून आणि व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. दवाखान्यातून निघताना बजावलं होतं की रोज घरातल्या घरात चालायचं, पायांची हालचाल ठेवायची. अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मला सांगितलं की डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात, आपण सव्वा महिना जमिनीला पाय लावायचा नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळायचा. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडत होतं. आईमागे इतके लाड माझे कुणी केले नव्हते.

तेव्हा दुकान बंद होतं. आदल्या वर्षीच अप्पांनी ते बंद केलं होतं. काचेच्या बांगड्या आता कोण घालतं, असं त्यांनी सांगितलं आणि मी ते खरं मानलं. मीही मनगटावर नाडी मोजणारी पट्टी बांधून फिरणारी बाई. मी कशाला जास्त विचारू?

चौथ्या आठवड्यात माझा डावा पाय जड वाटायला लागला. अवघडला असेल म्हणून मी कूस बदलली. दुसऱ्या दिवशी पोटरी फुगली, कातडी ताणून चकचकीत झाली आणि मांडीतून कळ यायला लागली. अप्पा म्हणाले, वारं भरलं असेल. तिळाचं तेल कोमट करून वाटीत घेऊन आले, गोधडी बाजूला केली आणि पाय चोळायला वाकले. तेवढ्यात ठकीचं वजन करायला आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. त्यांनी दारातूनच पाय पाहिला.

"अप्पा, हात लावू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण अप्पा होते तिथंच थांबले.

आशाताईंकडे आता तळहाताएवढं सोनोग्राफीचं यंत्र असतं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं, पोटरीवर ठेवलं, पुन्हा जांघेजवळ नेलं आणि पडद्यावरचं चित्र साताऱ्याच्या रुग्णालयाला पाठवून दिलं. खोल शिरेत रक्ताची गुठळी होती आणि ती लांबलचक होती. चोळलं असतं तर तिचा तुकडा सुटून थेट फुप्फुसात गेला असता, असं रुग्णवाहिकेची वाट बघताना त्या हळूच मला म्हणाल्या. अप्पांना ऐकू गेलं. त्यांच्या हातातली तेलाची वाटी अशी काही थरथरत होती की तेल त्यांच्या धोतरावर सांडलं. भेदरले असतील, असं मला वाटलं.

साताऱ्यात डॉ. शहनाज मुजावर यांनी मला, अप्पांना आणि पुण्याहून धावत आलेल्या तन्मयला समोर बसवलं आणि शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं.

रक्ताला दोन कामं येतात. वाहणं आणि वेळ आली की गोठणं. बाळंतपणात जास्त रक्त जाऊ नये म्हणून शरीर गोठण्याच्या कामाला आधीच तयार करून ठेवतं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि रक्त वर ढकललं जातं. महिनाभर पाय हलला नाही तर ते खाली साचतं आणि साचलेलं गोठतं. एवढं सांगून त्या थांबल्या. कुणाचं चुकलं हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, कारण अप्पा खाली मान घालून बसले होते आणि तन्मय त्यांच्याकडे बघत होता.

मग त्यांनी उपाय सांगितले. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं ताबडतोब सुरू करायची, त्याला पर्याय नाही आणि बाळाच्या दुधालाही त्याची भीती नाही. पण ही इंजेक्शनं गुठळी विरघळवत नाहीत, फक्त तिला वाढू देत नाहीत. विरघळवायचं काम शरीर आपल्या सवडीनं महिनोन्‌महिने करतं, आणि गुठळी जांघेच्या वरपर्यंत असली की तोवर शिरेतल्या नाजूक झडपा खराब होतात. मग पाय जन्मभर सुजका आणि जड. दुसरा उपाय, शिरेत बारीक नळी घालून गुठळी विरघळवणारं जहाल औषध सोडायचं. पण माझ्या पोटावरची जखम ताजी होती, आत रक्तस्राव झाला तर आवरणं कठीण. तिसरा, पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीसारखी जाळी बसवायची, म्हणजे सुटलेला तुकडा तिथं अडकतो. ती ज्यांना रक्त पातळ करणारं औषध चालतच नाही त्यांच्यासाठी.

"आणि चौथा उपाय हे कडं," असं म्हणून त्यांनी टेबलावर एक पांढरं रिंगण ठेवलं. मांडी आरामात आत जाईल एवढं रुंद, दोन बाजूंना मुठी. अप्पांनी पहिल्यांदाच मान वर केली.

घोट्याजवळच्या शिरेतून एक इंजेक्शन द्यायचं. त्यात लोहाचे सूक्ष्म मळसूत्री कण असतात, रक्तातल्या पेशीहूनही लहान, आणि प्रत्येकाच्या अंगावर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा पातळ थर. नुसते सोडले तर ते रक्ताबरोबर वाहून जातील. पण कड्यात फिरतं चुंबकीय क्षेत्र असतं. कडं पायातून घालून सावकाश वर सरकवलं की कण स्क्रूसारखे फिरत त्याच्या मागोमाग वर चढतात, गुठळीत शिरतात आणि तिथंच औषध सोडतात. बाकी शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. काम झालं की कण गंजून विरतात आणि ते लोह शरीर पचवून टाकतं. दिवसातून तीनदा, दोनेक आठवडे, घरच्या घरी. घाई मात्र चालत नाही. भराभर विरघळवलं तर तुकडे सुटतात. आणि कडं कातडीला टेकवायचं नाही, टेकलं की आतली शीर दबते.

तन्मयनं लगेच विचारलं की हे काम यंत्राच्या हातानं का नाही करत. डॉक्टर हसल्या. आधी तसंच केलं होतं, म्हणाल्या, पण यंत्राचा हात जवळ आला की माणसाची पोटरी आवळते आणि शीर चेपते. कण अडकून पडायचे. घरच्या माणसाच्या हातात कडं दिलं तर पोटरी सैल राहते. फक्त माणसाचा हात कधीच स्थिर नसतो, आणि प्रत्येकाचं थरथरणं सहीसारखं वेगळं असतं. कडं ते थरथरणं शिकून घेतं आणि तेवढाच जोर उलट्या बाजूनं लावून त्याची भरपाई करतं. म्हणून एकदा एक हात ठरला की शेवटपर्यंत तोच.

"एकच माणूस ठरवा," त्या मला म्हणाल्या.

तन्मय पुढे झाला. त्यानं रजा टाकायची ठरवलीही होती. अप्पा म्हणाले, "जावईबापूच बरे. मी नको." इतक्या घाईनं म्हणाले की मला राग आला. आधी बाजेवर बांधून ठेवायचं आणि आता अंग काढून घ्यायचं, असं माझ्या मनात आलं. आधी नुसती चाचणी म्हणून नर्सनं माझ्या पोटरीवर ताण मोजणारी पट्टी लावली आणि मी गोधडी पांघरून आडवी झाले. चुंबकाला गोधडीची अडचण नसते.

तन्मयचा हात चांगला होता, वेगही बरोबर. पण पडद्यावरची माझ्या पोटरीची रेघ वर चढली ती खाली यायचं नाव घेईना. मी मुद्दाम काही करत नव्हते. माझ्या मनात एवढंच होतं की हा आता म्हणेल, मी तुला सांगितलं होतं. त्यानं शब्दही काढला नाही बिचाऱ्यानं, तरी पोटरी ऐकेना.

मग मी हट्टानं अप्पांच्या हातात कडं दिलं. त्यांनी ते धरलं आणि ते पहिल्या वितीतच चिवचिवलं, कारण त्यांनी ते टेकवलं होतं. आयुष्यभर दाबत दाबत वर न्यायची सवय. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि दोन्ही मुठी सांभाळत, माझ्याकडे न बघता, नकळत बोलून गेले, "आशाताईंच्या लेकाचं जमलं म्हणे, दहिवडीची मुलगी आहे." मला हसू आलं. पडद्यावरची रेघ खाली आली आणि खालीच राहिली.

"ठरलं," डॉक्टर म्हणाल्या. तन्मय यंत्राला काय कळतंय असं पुटपुटत बाहेर गेला.

घरी आल्यावर बाज माळ्यावर गेली. मला आता दर तासाला उठून अंगणापर्यंत चालायचं होतं, पायात घट्ट मोजा घालून. तो मोजा चढवणं म्हणजे कुस्तीच. पहिल्या सकाळी अप्पा त्यासाठी खाली बसले आणि मी पाय ओढून घेतला. वडिलांनी लेकीच्या पायाला हात लावायचा, हे मला सोसेना. ते म्हणाले, "तू जन्मलीस तेव्हा हा पाय माझ्या अंगठ्याएवढा होता. तेव्हा नाही लाजलीस." मी पाय सोडला.

कड्याची वेळ आली की ठकीला दूध पाजून पाळण्यात टाकायची, मी आडवं व्हायचं, आणि अप्पांनी घोट्यापासून सुरुवात करायची. पहिले दिवस कडं सारखं चिवचिवायचं. त्यांचे अंगठे आपोआप आत वळायचे, दाबायला बघायचे. एकदा वैतागून म्हणाले, आपल्या माणसाला हात न लावता बरं करायचं हे कसलं औषध. पण शिकले. कडं अधांतरी धरून, तोंडानं गावभरच्या गोष्टी सांगत, सावकाश जांघेपर्यंत. आईच्या हातात त्यांनी पहिल्यांदा बांगड्या भरल्या ती गोष्ट मला तेव्हाच कळली. तिचा हात अजिबात आखडलेला नव्हता, उलट यांचाच आखडला आणि तीन बांगड्या वाढल्या. आई म्हणाली होती, कासार नवा दिसतोय. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका तरुण झाला होता की मी दुसरीकडे पाहिलं.

शनिवार-रविवारी तन्मय यायचा, ठकीचे लंगोट धुवायचा आणि अप्पांशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. कण पुढे सरकत होते. सूज उतरत होती. निम्म्याहून जास्त गुठळी विरली, फक्त जांघेजवळचं टोक उरलं.

तेव्हा डॉ. मुजावरनी आम्हाला साताऱ्याला बोलावलं. माझी तपासणी पटकन उरकली आणि त्यांनी अप्पांना समोर बसवून हात मांडीवर मोकळे ठेवायला सांगितले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळूहळू घासायला लागली, चिमटीत तंबाखू चोळावी तशी. अप्पांनी दुसऱ्या हातानं तो हात झाकला.

"कड्यानं तुमचा हात शिकताना हे टिपलंय," डॉक्टर म्हणाल्या. "माहिती तुमची आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगते. लेक इथं बसली तर चालेल ना?"

"मला ठाऊक आहे ते," अप्पा म्हणाले. "कंपवात. दीड वर्ष झालं."

मग सगळं बाहेर आलं. एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरताना बांगडी वाढली आणि काच तिच्या मनगटात रुतली. हिरव्या चुड्यावर रक्त. पोरीची आई रडायला लागली. त्या संध्याकाळी अप्पांनी दुकानाची फळी लावली ती पुन्हा काढली नाही. काचेच्या बांगड्या कोण घालतं, हे माझ्यासाठी रचलेलं उत्तर होतं. आणि कडं धरायची वेळ आली तेव्हा ते "मी नको" म्हणाले ते अंग काढून घेण्यासाठी नव्हतंच. मी त्यांच्यावर रागावले होते, ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

औषध का नाही घेतलं, म्हणून मी भांडायला लागले. डॉक्टरांनी मला थांबवलं. औषध आज सुरू केलं तर हाताचं थरथरणं बदलेल आणि कड्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. तोवर गुठळीचं शेवटचं टोक, जे सगळ्यांत सैल आणि सगळ्यांत धोक्याचं, तसंच लोंबत राहील. आतापर्यंत कड्यानं थरथर नीट सांभाळली आहे. त्याची मर्यादा मात्र आहे. हात फारच थरथरला तर ते लाल दिवा लावतं, आणि तो तसाच राहिला तर कण विखुरतात. हात बदलायचा असेल तर आत्ताच सांगा, आठवडाभर रुग्णालयात राहावं लागेल.

मी म्हणाले, हात बदला आणि अप्पांचं औषध सुरू करा. अप्पा म्हणाले, बदलायचा नाही, औषधाला आठवडा उशीर झाला तर मी काही मरत नाही. आम्ही दोघं डॉक्टरांसमोर भांडलो, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. शेवटी डॉक्टरांनी निवाडा केला की आठवड्यानं अप्पांना काही फरक पडणार नाही, मला पडेल. मला ते मान्य करावं लागलं. 

फोनवर मी सगळं तन्मयला सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला की मी येतो, आणि आला. त्यानं अप्पांना सरळ सांगितलं की माझ्या मनात तुमच्याविषयी राग होता, तो मी काढून टाकलाय. अप्पा म्हणाले, राग बरोबरच होता, चहा घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडं गुडघ्याच्या वर गेलं आणि अप्पा बोलेनासे झाले. त्यांना आता सगळं ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं, आणि दारात तन्मय उभा होता. कड्याच्या कडेचा हिरवा दिवा पिवळा झाला. जांघेजवळ पोचता पोचता तो लाल झाला. अशा वेळी कडं काढून घेता येत नाही. कण टोकात अर्धे घुसलेले असतात, सोडले तर टोक तुटतं. पुढेच न्यायचं असतं.

"ऋजा," अप्पा म्हणाले, "जमत नाही गं." घाम त्यांच्या हनुवटीवरून गोधडीवर पडला. तन्मय पुढे सरकला, पण त्याचा हात कड्याला परका होता. मी त्याला खुणेनं थांबवलं. माझी पोटरी लाकडासारखी झाली होती.  मग तोंडून आलं ते त्या पायरीवर पाठ झालेलंच होतं.

"अप्पा, माहेर कुठलं तुमचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुरुषाला कसलं माहेर?"

"असेल की. सांगा तरी."

"नातेपुते," ते म्हणाले. "आईचं माहेर ते माझंही म्हण. आजी डोक्यावर बांगड्यांची दुरडी घेऊन वाड्यावस्त्या फिरायची. मी तिच्या मागं."

"विहिरीला पाणी होतं का?"

"कुठलं आलंय. पण एका वस्तीवर बोरीचं झाड होतं. आजी बांगड्या भरायची तोवर मी झाडावर. एकदा पडलो तर म्हातारी म्हणते, हाड मोडलं तरी चालेल, दुरडीवर नाही पडलास हे बरं झालं."

मी हसले, खरोखरची. पोटरी सैल पडली हे मला पट्टीशिवायही कळलं. अप्पाही हसले. दिवा पिवळा झाला. मी पुढे विचारत राहिले, आजीचं नाव काय, बोरं गोड होती का, आजोबा बरोबर का जात नव्हते, आणि ते सांगत राहिले, आणि दिवा हिरवा झाला तेव्हा आमच्यापैकी कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. तन्मयनं सांगितलं तेव्हा कळलं. कडं जांघेवरून अलगद बाहेर आलं. अप्पांनी ते खाली ठेवलं आणि पाळण्याजवळ जाऊन, माझ्याकडे पाठ करून, खूप वेळ ठकीला झोका दिला. ती आधीच झोपलेली होती.

आठवडा संपला तेव्हा शीर मोकळी होती. पडद्यावर रक्त कसं भरून वाहतंय ते डॉक्टरांनी मला दाखवलं, आणि त्याच दिवशी त्यांनी अप्पांना कंपवाताची पहिली गोळी समोर बसवून घ्यायला लावली. कडं परत द्यायचं होतं. त्यात साठवलेला अप्पांचा हात पुसून टाकायचा का, असं तिथल्या मुलीनं विचारलं. मी नको म्हणणार होते, पण अप्पा म्हणाले, पुसा की, दुसऱ्या कुणाचा तरी बसू दे.

बारसं उशिरानंच झालं. सासूबाई नागपूरहून आल्या, आशाताई आल्या, गल्लीतल्या बायका आल्या. बारशाला बाळंतिणीला हिरव्या बांगड्या भरायच्या असतात. अप्पांनी त्यासाठी बाजारपेठेतल्या दुसऱ्या कासाराला सांगून ठेवलं होतं. मी तन्मयला सांगून दुकानाची फळी काढायला लावली आणि हिरव्या काचेच्या पेट्या माजघरात आणून ठेवायला लावल्या. तो कासार आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि हात मात्र अप्पांपुढे केला.

अप्पा म्हणाले, नको. गोळीनं थरथर कमी झाली होती, गेली नव्हती, आणि आता भरपाई करायला कडं नव्हतं.  मी हात मागे घेतला नाही. माझ्या हाताला काच लागेल याची मला भीती नव्हती असं नाही. त्यांनी पुन्हा फळी लावलेली मला बघायची नव्हती, एवढंच.

शेवटी ते समोर बसले. माझा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि इतक्या दिवसांनी ते दाबणं, अंगठ्याच्या मुळाशी, मला एकदम लहान करून गेलं. पहिली बांगडी अर्ध्यावर आली आणि वाढली. काच चटईवर पडली. रक्त नव्हतं, पण अप्पांचा चेहरा उतरला आणि ते उठायला लागले.

मी त्यांचा हात सोडला नाही. "एक वाढली, अप्पा. दुसरी घ्या. आणि गप्प का तुम्ही? तुम्ही बोलला नाहीत तर हात सैल कसा पडायचा?"

 मग त्यांनी पेटीतून दुसरी बांगडी घेतली, उजेडात धरून पारखली आणि घसा खाकरून म्हणाले, "नातेपुत्याला माझी आजी होती. डोक्यावर दुरडी घेऊन फिरायची."

हात त्यांचा सैल पडला की माझा, ते मला सांगता येणार नाही. बांगडी मनगटावर आली. पाळण्यात ठकी जागी झाली होती आणि तिच्या आजोबांचा आवाज ऐकत होती. अप्पांनी गोष्ट न थांबवता तिसरी बांगडी घेतली.